काकूची प्रदक्षिणा

माझी आई कॅनडाची कायमची रहिवासी झाली ती अमेरिकेला प्रदक्षिणा घालून. हे मी महाराष्ट्र मंडळातल्या बायकांना सांगते तेव्हा त्या म्हणतात, "चल, काहीतरीच!" काहीतरीच काय? मी स्वतः गाडीत होते, मांडीवर पुऱ्यांचा डबा घेऊन.

बाबा गेल्यानंतर आई अकोल्याला असायची आणि मी इथे कॅनडात, कनाटा नावाच्या उपनगरात. मी आणि माझा नवरा दोघंही टेलिकॉम कंपन्यांमध्ये. तिला कायमची इकडे आणायची म्हणून मी स्पॉन्सरशिपची फाइल टाकली, आणि ती फाइल जी बसली ती बसलीच. अधूनमधून मी फोन करायचे, तासभर तेच ते संगीत ऐकायचे, आणि शेवटी एक बाई गोड आवाजात सांगायची की तुमचा अर्ज प्रोसेसमध्ये आहे. माझा स्वभाव मुळातच तापट. मी फोन आपटायचे. नवरा म्हणायचा, "अगं, फोनची काय चूक?" मग मी त्याच्यावर घसरायचे. तो पुण्याचा, त्यामुळे त्याला चूक कुणाची हे ठरल्याशिवाय चैन पडत नाही.

मधल्या काळात आई व्हिजिटर व्हिसावर यायची, सहा महिने राहायची, आमचा फ्रीज लोणच्यांनी भरायची आणि परत जायची. दर वेळी एअरपोर्टवर मी हुंदके देऊन रडायचे आणि ती माझ्या पाठीवर थापट्या मारत म्हणायची, "पुरे आता, लोकं पाहून राहिले."

अशाच एका मुक्कामात, झाडं लाल-पिवळी व्हायला लागली होती तेव्हा, तिचा पासपोर्ट इमिग्रंट व्हिसा चिकटवून टपालाने परत आला. मी तो उघडून स्वयंपाकघरात अक्षरशः नाचले. आई कोथिंबीर निवडत होती. ती म्हणाली, "आधी नीट वाच." शाळेत जन्मभर भूगोल शिकवलेली बाई, कागद नीट वाचल्याशिवाय आनंद करायचा नाही ही तिची शिस्त. नीट वाचलं. व्हिसाची मुदत पुढच्याच आठवड्यात संपत होती, कारण तो तिच्या मेडिकलच्या तारखेला बांधलेला होता आणि मेडिकल फार आधी झालेलं. आणि दुसरी गंमत अशी की हा व्हिसा वापरायचा तर माणसाने बाहेरून देशात यायला हवं. सीमेवरच्या अधिकाऱ्यासमोर उभं राहायचं, त्याच्या प्रश्नांची उत्तरं द्यायची, त्याने सही केली की झालं लँडिंग. आमची आई तर आधीच आत, माझ्या किचनमध्ये, कोथिंबीर घेऊन बसलेली.

आधीच आत असलेल्यांसाठी इथल्या इमिग्रेशन ऑफिसात सोय होती, पण तिथली अपॉइंटमेंट महिनाभर मिळणार नव्हती. तोवर व्हिसा गेला असता, आणि मग पुन्हा मेडिकल, पुन्हा वाट, पुन्हा ते संगीत. मी डोक्याला हात लावून बसले. तेव्हा नवऱ्याला त्याच्या ऑफिसातल्या एका पंजाबी मित्राने सांगितलं की फ्लॅगपोल करा. म्हणजे गाडीत बसायचं, तासाभरावरचा पूल ओलांडून अमेरिकेच्या चौकीवर जायचं, त्यांना सांगायचं की आम्हाला आत यायचं नाही, त्यांच्या झेंड्याच्या खांबाला वळसा घालून लगेच परत फिरायचं. परत येताना कॅनडाच्या चौकीत लँडिंग. सगळे करतात म्हणे.

आईने हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे प्रदक्षिणा," ती म्हणाली. "मग नारळ पाहिजे."

आता इथे दादाबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं काहीच कळायचं नाही.

दादा माझ्या थोरल्या काकांचा मुलगा. तो जेमतेम बोलायला लागला होता तेव्हा त्याची आई तापाने गेली. काका नोकरीनिमित्त सतत फिरतीवर. माझी आई त्या घरात नवी नवरी होती, तिने त्याला कडेवर घेतलं आणि नंतर खाली ठेवलंच नाही. माझा जन्म झाला तो पुष्कळ पुढे. दत्तकबित्तक काही नाही. घरातलं पोर घरातच वाढलं, त्याला कागद कशाला लागतो? पण एक गोष्ट आईने कटाक्षाने पाळली. तिने त्याला कधी 'आई' म्हणू दिलं नाही. भिंतीवर मोठ्या काकूचा फोटो होता, त्याच्याकडे बोट दाखवून ती सांगायची, "तुझी आई ही. मी काकू." त्यामुळे आमच्या घरात मी 'आई' म्हणायचे आणि दादा 'काकू', आणि मार मात्र दोघांना सारखाच बसायचा. लहानपणी मीही त्याचं बघून काही दिवस काकू म्हणायला लागले होते, तेव्हा एक रट्टा खाल्ला होता.

दादाचं अकोल्यात मोटार रिवाइंडिंगचं दुकान. शेतातल्या पंपांच्या जळालेल्या मोटारी दिवसभर उघडायच्या आणि तांब्याची तार गुंडाळत बसायचं. बाबा गेल्यावर आईच्या गोळ्या, तिची पेन्शन, तिच्या दारातला नळ, सगळं तोच बघायचा. मी कॅनडातून फोनवर सूचना करायचे आणि तो त्या गुपचूप ऐकून घ्यायचा. मी आईला कायमची नेणार म्हटल्यावर मला वाटलं तो चिडेल. तो म्हणाला, "ने. पोरीजवळ राहावं तिनं. फक्त थंडीत तिचे गुडघे दुखतात, तेवढं पाहजो." मला आतून इतकं लागलं ते, की मी त्याच्यावर उगाच ओरडले, "मला माहीत नाही का तिचे गुडघे!"

फाइल भरताना प्रश्न आला की सगळ्या अपत्यांची नावं लिहा, वय काहीही असो. मी पेन हातात धरून बसून राहिले आणि मग दादालाच फोन केला. तो हसला. "एकच लिही बापा. माझं नाव टाकशील तर दत्तकाचा कागद मागतील, अन् तो आहे कुठं? काकूची केस अडकायची. अन् तिला काही सांगू नको, उगाच मनाला लावून घेईन." कायद्याने बरोबरच होतं ते. मी एक लिहिलं. आईने मी बोट ठेवलं तिथे सह्या केल्या, कारण त्या दिवशी तिचा चष्मा सापडत नव्हता आणि मला टपाल गाठायचं होतं.

तर प्रदक्षिणेचा दिवस उजाडला. आईने हिरवं इरकली लुगडं नेसलं, त्यावर माझं विंटर जॅकेट, पायात माझेच स्पोर्ट्स शूज, आणि हातात पिशवी. पिशवीत इंडियन ग्रोसरीतून आणलेला नारळ. नवऱ्याने तो पाहिला आणि तो गाडीची किल्ली हातात घेऊन दारातच उभा राहिला.

"आई, बॉर्डरवर फळं नेता येत नाहीत."

"जावईबापू, नारळ काय फळ आहे? नारळ म्हणजे श्रीफळ."

"श्रीफळमध्ये फळ आहेच की!" नवरा म्हणाला. पण आई तोवर पुढच्या सीटवर बसून सीटबेल्ट लावून मोकळी झाली होती. मी मागे पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि कागदांची बॅग घेऊन.

वाटेत नवऱ्याने तोंडी परीक्षा घेतली. त्याने अधिकाऱ्याचा आवाज काढला, "व्हॉट इज द पर्पज ऑफ युअर व्हिजिट?"

"नॉट व्हिजिट," आई समोर रस्त्याकडे बघत म्हणाली. "पर्मनंट."

"वा! पैकीच्या पैकी."

"परीक्षेआधी मार्क देऊ नये," आई म्हणाली. तिचं इंग्रजी शाळेतलं, एकेक शब्द धुऊन पुसून ठेवल्यासारखा. तिने मला आधीच बजावलं होतं की उत्तरं तीच देणार, मी मध्ये बोलायचं नाही. मी हो म्हटलं होतं. आमच्या घरात माझ्या अशा हो म्हणण्याला फारशी किंमत नाही, पण तरी.

हायवेच्या दोन्ही बाजूंना मेपलची झाडं नुसती पेटली होती. ऊन स्वच्छ, हवा गार, आणि मला सारखं गाणं म्हणावंसं वाटत होतं. नवऱ्याने पुलावर गाडी घेतली आणि खाली नदी दिसली. रुंद, निळीशार, मधून एक लांबलचक मालवाहू बोट चाललेली.

"ही कुठली?" आईने विचारलं.

"सेंट लॉरेन्स," नवरा म्हणाला.

आई एकदम ताठ झाली. "सेंट लॉरेन्स? ही? अवं माय!" तिने काच खाली केली. भसकन गार वारा आत आला. "जावईबापू, हळू चालवा. हळू. पाच मोठ्या सरोवरांचं पाणी समुद्राला घेऊन जाणारी. जन्मभर हिला फळ्यावर काढली मी निळ्या खडूनं. पोट्टे नकाशात हिचा बाण नेहमी उलटा काढायचे. मी मार्क कापायची." ती मान बाहेर काढून पाणी कुठल्या दिशेला जातंय ते बघत होती. "बरोबर आहे. पूर्वेलाच चालली." तिचे डोळे पाणावले होते, आणि वाऱ्यामुळे नाही. मागची गाडी हॉर्न देत होती. देऊ दे. मी नवऱ्याला म्हटलं, तू हळूच चालव.

अमेरिकेच्या चौकीवर खिडकीत एक तरुण अधिकारी. नवऱ्याने सगळं समजावून सांगितलं. अधिकाऱ्याने मान हलवली, त्याच्यासाठी हे रोजचंच होतं. सवयीने त्याने विचारलं, "फळं, भाज्या, मांस, काही आहे का?"

नवरा तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "यस. वन कोकोनट. नॉट फॉर ईटिंग. फॉर रिव्हर."

"फॉर द रिव्हर?"

"आय नो हर सिन्स मेनी इयर्स," आई म्हणाली.

तो आईकडे बघत राहिला. मग लुगड्याकडे, मग शूजकडे. माझ्या नवऱ्याने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. अधिकाऱ्याने आम्हाला आत बसायला सांगितलं, थोड्या वेळाने एक कागद हातात ठेवला, त्यावर लिहिलेलं की या बाईंना अमेरिकेत प्रवेश दिलेला नाही, आणि परतीचा रस्ता दाखवला. नारळाचं तो काही बोलला नाही. आई बाहेर येताना झेंड्याच्या खांबाकडे बघून म्हणाली, "खांब उजव्या हाताला ठेवून घ्या हो गाडी. प्रदक्षिणा उलटी नको." नशिबाने रस्ता तसाच होता.

परत पूल, परत सेंट लॉरेन्स, परत आईचं 'हळू'. आणि मग कॅनडाची चौकी.

आत काउंटरच्या मागे एक जाडजूड गृहस्थ बसले होते, पांढऱ्या मिशा, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. आमच्याशिवाय कोणी नव्हतं. त्यांनी आईचा पासपोर्ट घेतला, फाइल उघडली, आणि आई काउंटरसमोर शाळेच्या तपासणीला उभी राहावी तशी उभी राहिली. मी एका बाजूला, नवरा दुसऱ्या बाजूला.

"कधी गुन्ह्यात शिक्षा झाली आहे का?"

"नो. आय वॉज टीचर."

"कुठल्या देशाने प्रवेश नाकारला आहे का?"

आईने क्षणभर विचार केला. खोटं बोलायचं नाही. "यस. अमेरिका. जस्ट नाऊ."

गृहस्थांच्या मिशा हलल्या. ते खो-खो हसले, आणि आम्हीही हसलो. मला वाटलं, झालं! जिंकलो. संध्याकाळी श्रीखंड करायचं मी मनात ठरवूनसुद्धा टाकलं.

"या मुलीशिवाय तुम्हाला आणखी मुलं आहेत का?"

"यस," आई म्हणाली. "वन सन. एल्डर."

गृहस्थांचं पेन थांबलं. त्यांनी एक पान उलटलं, दुसरं उलटलं, परत पहिलं बघितलं. मग चष्मा काढून ठेवला. हसू कुठल्या कुठे गेलं. ते हळू, स्पष्ट बोलले, आईला कळावं म्हणून. फाइलमध्ये एकच अपत्य लिहिलेलं आहे. एखादा मुलगा लपवला असेल तर ही फार गंभीर गोष्ट आहे. तसं असेल तर मी आज तुम्हाला लँड करू शकत नाही. मला फाइल परत पाठवावी लागेल.

परत पाठवावी लागेल! व्हिसा पुढच्या आठवड्यात संपतोय, आणि फाइल परत! इतक्या वर्षांची वाट माझ्या डोळ्यांसमोर गरगर फिरली आणि मी दिलेलं वचन विसरून ओरडलेच, "ही इज अ कझिन! तो तिचा मुलगा नाही, माझा कझिन आहे!"

आई माझ्याकडे वळली. तिचा तो चेहरा मी शाळेत असताना पाहिला होता. "कोण कझिन?"

"आई, दादा. त्यांना तसंच सांगावं लागतं."

"दादा तुझा कझिन? हा शब्द कुठून आणला तू? त्याच्या पाठीवर बसून शाळेत गेली, तेव्हा कझिन होता तो?"

"अगं, पण कायद्याने..."

"कायद्यासाठी मी त्याला परका म्हणू? इथं उभी राहून? मग राहू दे तुमचा शिक्का. मी जाते परत अकोल्याला."

"आई, तुला कळतंय का, ते खरंच परत पाठवतील!"

"पाठवू दे!"

गृहस्थांनी काउंटरवर बोटांनी टकटक केली. एका वेळी एक, ते म्हणाले, आणि मॅडम, तुम्ही तिकडे खुर्चीवर बसा. मॅडम म्हणजे मी. नवऱ्याने माझी बाही धरून मला खुर्चीवर नेऊन बसवलं आणि कानात म्हणाला, "आता प्लीज एक अक्षर नको." आई काउंटरसमोर एकटी उभी, हातात नारळाची पिशवी.

"हा तुमचा बायोलॉजिकल मुलगा आहे का?" गृहस्थांनी विचारलं.

"सर," आई म्हणाली, "बायोलॉजी इज नॉट माय सब्जेक्ट. आय टॉट जिऑग्रफी."

मी खुर्चीत डोळे मिटून घेतले. शेजारून नवऱ्याचा एक विचित्र आवाज आला. तो हसू दाबत होता, मेला.

"तुम्ही त्याला जन्म दिलात का?"

"नो. हिज मदर एक्स्पायर्ड. ही वॉज व्हेरी स्मॉल."

"मग कोर्टाने त्याला तुमच्या स्वाधीन केलं?"

"कोर्ट?" आईला खरंच नवल वाटलं. "व्हाय कोर्ट? देअर वॉज नो फाइट."

गृहस्थांनी पेन उचललं. मला कळत होतं की त्यांना दोनपैकी एक काहीतरी लिहायचं आहे, आणि आई त्यांना लिहू देत नाही. त्यांनी 'पुतण्या' या अर्थाचा शब्द सुचवला. आई म्हणाली, माय सन. त्यांनी पुन्हा सुचवला. आईने पुन्हा, त्याच सुरात, माय सन. मी मनात देवाला म्हटलं, आता तूच बघ बाबा.

मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि साध्या गप्पा मारल्यासारखं विचारलं, "तो तुम्हाला काय हाक मारतो?"

"काकू."

"म्हणजे मदर?"

इथे आई नुसतं हो म्हणाली असती तर सगळं संपलं असतं, फाइल गेली असती परत. पण समोरच्याने चुकीचा अर्थ सांगितला आणि आईने तो तसाच जाऊ दिला, असं उभ्या जन्मात झालेलं नाही. "नो, नो," ती म्हणाली. "मदर इज आई. काकू इज फादर्स ब्रदर्स वाइफ."

"फक्त तेवढ्यासाठी वेगळा शब्द आहे?"

"ऑफकोर्स." आणि तिने पिशवी काउंटरवर ठेवून त्यांना बोटांवर मोजून समजावून सांगितलं. आईची बहीण मावशी. वडिलांची बहीण आत्या. मामाची बायको मामी. वडिलांच्या भावाची बायको काकू. "यू? इन इंग्लिश?"

"सगळ्यांना आंट," ते म्हणाले.

"व्हेरी पुअर," आई म्हणाली, आणि तिच्या आवाजात खरी कणव होती.

त्यांच्या मिशा पुन्हा हलल्या. "म्हणजे तो तुम्हाला आंट म्हणतो."

"यस. आय टॉट हिम." आई थांबली. इंग्रजी शब्द शोधायला तिला वेळ लागला. "हिज मदर लॉस्ट एव्हरीथिंग. शी शुड नॉट लूज हर वर्ड ऑल्सो."

इतकी वर्षं त्या घरात राहून, त्या फोटोखाली जेवून, मला हे कधी कळलं नव्हतं. मला वाटायचं आई कडक आहे, शिस्तीची आहे, म्हणून. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं आणि नवऱ्याने मला त्याचा हातरुमाल दिला.

गृहस्थांनी चष्मा पुसला आणि परत घातला. "मॅडम, तो तुम्हाला आंट म्हणतो, आणि तसं म्हणायला तुम्हीच शिकवलंत. मग या टेबलापुरता तो पुतण्या. माझ्याकडे एक मूल लिहिलेलं आहे ते बरोबर आहे."

"ही कॉल्स मी काकू," आई म्हणाली. "आय कॉल हिम सन. बोथ करेक्ट."

"बोथ करेक्ट," ते म्हणाले. "पण तुमच्या बाजूच्या शब्दासाठी माझ्या फॉर्मवर जागा नाही. या दाराच्या बाहेर तुम्ही हव्या त्या माणसाला दोन सांगा. इट्स अ फ्री कंट्री."

आईने विचार केला. परीक्षकाचं म्हणणं पटल्यासारखी तिने मान हलवली. त्यांनी शिक्का मारला, सही केली, आईने वळणदार अक्षरात तिची सही केली, आणि ते उभे राहून म्हणाले, "वेलकम टू कॅनडा." आईने त्यांना नमस्कार केला. त्यांनीही दोन्ही हात जोडले, चुकतमाकत. मी उठून आईला मिठी मारली आणि ती म्हणाली, "पुरे, लोकं पाहून राहिले," पण या वेळी तिने मला सोडलं नाही.

पुलापासून जवळच नदीकाठी एक छोटी बाग होती, बाक आणि गवत आणि कुत्रा फिरवणारा एक म्हातारा. आईने काठावरच्या दगडावर नारळ फोडला, एका फटक्यात. पाणी नदीत सोडलं, हात जोडले, आणि खोबऱ्याची वाटी नवऱ्याच्या हातात दिली. मी डबा उघडला. पण आईने पुरीला हात लावला नाही.

"एक कोणी लिहिलं?"

"मी," मी म्हटलं. "पण दादाच म्हणाला, एकच लिही. तुझी केस अडकेल म्हणाला. तुला सांगू नको म्हणाला."

आईने नदीकडे बघितलं. मला वाटलं आता चिडणार. ती म्हणाली, "फोन लाव त्याला."

तेव्हा कॉलिंग कार्ड असायचं. आधी एक लांबलचक नंबर, मग दुसरा, मग अकोला. तिकडे रात्रीच्या जेवणाची वेळ. मी स्पीकर लावला.

"काकू!" दादाचा आवाज, मोटारींच्या घरघरीत बोलायची सवय, म्हणून नेहमी ओरडल्यासारखा. "झालं काय काम? मारला शिक्का?"

"मारला."

"अरे वा वा! पेढे वाटतो उद्या दुकानात."

"आधी ऐक. त्यांनी विचारलं लेकरं किती."

दादाने जपून विचारलं, "मंग?"

"मी सांगितलं दोन."

पलीकडून काहीच नाही. नुसती खरखर. नवऱ्याने पुरी अर्ध्यात धरली होती. मला वाटलं कार्डावरचे पैसे संपले. "हॅलो? दादा? हॅलो?"

मग वहिनीचा आवाज आला, घाबरलेला. "काकू, काय झालं हो? हे फोन माझ्या हाती देऊन अंगणात जाऊन उभे राहिले. पाठ करून. काही वाईट नाही ना?"

आईने पदराने डोळे पुसले, पण आवाज बिलकुल हलू दिला नाही.

"काही वाईट नाही. सगळं चांगलं आहे. त्याला म्हणावं, आधी जेवून घे. दोनच तर लेकरं मला. एक वेळेवर जेवत नाही, अन् दुसरीचं तोंड बंद राहत नाही."